पेज बंद पडले तरी माणसे हरवू नयेत: मॅस्टोडॉनवर जायचे कसे

जुलै २०२१ च्या पुरात आमच्या पेठेतल्या मंडळाच्या पेजवर आम्ही राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी दर तासाला टाकत होतो. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण रात्रीतून पाणी किती चढले हे कळल्याशिवाय नदीकाठच्या घरांना सामान माडीवर चढवायचे की नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडायचे, हे ठरवता येत नाही. दुसऱ्या रात्री पेज अचानक बंद झाले. एकसारख्या पोस्ट वारंवार येतात म्हणून स्वयंचलित यंत्रणेने आम्हाला उपद्रवी ठरवले असावे, एवढाच अंदाज आम्ही बांधू शकलो, कारण दाद मागायला समोर माणूसच नव्हता. जुन्या पोस्ट गेल्याचे फारसे वाटले नाही. पाच वर्षांत जोडलेली माणसे एका रात्रीत तुटली आणि त्यांची साधी यादीही आमच्याकडे नव्हती, हे मात्र अजून सलते.

तेव्हापासून कोणतेही समाजमाध्यम निवडताना मी आधी एकच गोष्ट पाहतो: इथून निघायची वेळ आली तर माणसे बरोबर नेता येतात का? मॅस्टोडॉनवर ती बऱ्याच अंशी नेता येतात. यूजेन रोख्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीत सुरू केलेले हे सॉफ्टवेअर कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावर, चालवता येते, त्यामुळे त्याचा एकच एक मालक नसतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचे वस्ताद वेगळे, शिस्त वेगळी. पण मल्ल खासबागेच्या मैदानात उतरला की कुस्तीचे नियम सगळ्यांना सारखेच. मॅस्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर म्हणजे अशी एकेक तालीम, आणि सगळ्यांना जोडणारा सामाईक नियम म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब हे प्रमाणक, ज्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो, उत्तर देऊ शकतो.

सर्व्हरची निवड घाईने करू नये. जॉइनमॅस्टोडॉन.ऑर्ग या स्थळावरच्या यादीत तेच सर्व्हर असतात, ज्यांनी रोज बॅकअप घेण्याची, द्वेषपूर्ण मजकुरावर देखरेख ठेवण्याची, अडचणीच्या वेळी एकाहून अधिक व्यक्तींच्या हाती चाव्या ठेवण्याची आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास किमान तीन महिने आधी कळवण्याची हमी दिलेली असते. ही शेवटची हमी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचे कारण पुढे येईलच. प्रत्येक सर्व्हरच्या माहितीच्या पानावर त्याचे नियम आणि चालकाचे नाव दिलेले असते. ते पूर्ण वाचावे. चालक एखादे खाते, किंवा एखाद्या दुसऱ्या सर्व्हरशी असलेला सगळा संबंधच, तोडू शकतो. फरक एवढाच की तो वस्ताद पटला नाही, तर तालीम बदलता येते.

खाते उघडल्यावर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरा कोडही मागणारी सोय, लगेच चालू करावी. नंतर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड रीच’ या भागात जाऊन आपल्या सार्वजनिक पोस्ट शोधात दिसू देण्याची परवानगी द्यावी, कारण ती आपण होऊन दिल्याशिवाय तुमचे लिखाण शब्द टाकून शोधणाऱ्याला सापडत नाही. एका पोस्टची मर्यादा सहसा ५०० अक्षरांची असते, फीड वेळेच्या क्रमाने येते आणि जाहिराती नसतात. तुमची पोस्ट कोणापर्यंत पोहोचवायची हे ठरवणारी यंत्रणाच इथे नसल्यामुळे हॅशटॅगला फार महत्त्व आहे. कोल्हापूर, पंचगंगा, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल असे हॅशटॅग स्वतः वापरावेत आणि माणसांसारखेच फॉलोही करावेत. देवनागरी हॅशटॅग पोस्टमध्ये अखंड दुवा म्हणून उमटला आहे ना, हे एकदा तपासावे.

एकट्याने जाऊ नये, हे मात्र आग्रहाने सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली आणि त्यांतले पुष्कळजण पुढे परतलेही, कारण रिकाम्या कट्ट्यावर कोणी फार वेळ बसत नाही. मंडळातल्या दहा-बारा जणांनी एकाच संध्याकाळी एकत्र बसून खाती उघडावीत, एकमेकांना फॉलो करावे आणि जुने पेज चालू असेल तर काही महिने दोन्हीकडे लिहावे.

आता मुख्य काम. ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’ या भागातून तुम्ही फॉलो केलेल्या खात्यांची यादी सीएसव्ही फाइल (तक्त्यासारखी साधी फाइल) म्हणून उतरवता येते आणि पोस्ट-छायाचित्रांचा संग्रह दर सात दिवसांनी एकदा मागवता येतो. आम्ही यासाठी महिन्याचा पहिला रविवार ठरवला आहे. सर्व्हर बदलायचा झाला तर आधी नव्या सर्व्हरवर खाते उघडावे, तिथे जुन्या खात्याची नोंद करावी आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराची आज्ञा द्यावी. तुम्हाला फॉलो करणारे आपोआप नव्या खात्याकडे वळतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात, आणि हे सारे जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच जमते. तो एका रात्रीत बंद पडला किंवा चालकाने आधीच तुमचे खाते बंद केले, तर फॉलो करणारे वळवता येत नाहीत. तीन महिन्यांच्या हमीचे मोल ते इथे.

काही गोष्टींपासून हे माध्यमही वाचवत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली सरकार मजकूर रोखण्याचे आदेश देऊ शकते आणि त्या प्रक्रियेत गोपनीयता पाळावी, असे २००९ चे नियम सांगतात. सर्व्हर अनेक असल्याने एका कंपनीला आदेश देऊन सगळे मिटत नाही, पण एखाद्या सर्व्हरचा पत्ताच रोखला जाऊ शकतो. लिहिणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी सगळीकडे सारखीच राहते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेटच बंद ठेवले गेले होते; अशा वेळी कोणताही सर्व्हर कामाचा नाही. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे कुलूपबंद, नसतात आणि सर्व्हरच्या चालकाला ते वाचता येऊ शकतात, म्हणून पूरग्रस्तांचे फोन नंबर किंवा घरांचे पत्ते त्यातून पाठवू नयेत. त्यासाठी सिग्नल हे संदेशांचे अ‍ॅप वापरावे.

खात्याच्या पूर्ण पत्त्यात अ‍ॅटचे चिन्ह दोनदा येते, एकदा नावाआधी आणि एकदा सर्व्हरच्या नावाआधी, आणि नवखी माणसे हमखास दुसरा भाग विसरतात. आम्ही आमचा पूर्ण पत्ता मंडळाच्या दारातल्या फळ्यावर, जिथे पावसाळ्यात पाण्याची पातळी खडूने लिहितो, त्याच्याच खाली ऑइलपेंटने रंगवून घेतला आहे.