लिव्हर ॲक्शन घेऊन हरणामागे निघताय? आधी या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की फोन सुरू होतात. "दादा, रायफल घेतली. लिव्हरवाली. आता फक्त नेम लावून द्या, पुढच्या महिन्यात मोसम उघडतोय." लिव्हरवाली म्हणजे लिव्हर ॲक्शन, चापाखालचा दांडा पुढे-मागे करून काडतूस आत घ्यायची रायफल. पश्चिम पेनसिल्व्हेनियात मला अठरा वर्षं झाली. त्यातले चौदा मोसम मी ॲलेघेनीच्या जंगलात व्हाइटटेल हरणामागे काढले आहेत, आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघतोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे आपल्या घरांतून हे शिकवणारं कुणी उरलं नाही. एखाद्याच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट असते, तेवढीच. म्हणून कुणाला काही येत नसेल तर त्याचं मला काही वाटत नाही. राग येतो तो घाईचा. समोर जिवंत जनावर असणार आहे, आणि तुमच्या घाईची किंमत ते मोजणार आहे.

कागद न बघता दुकानात शिरणं

एच-वन-बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एक: कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. 'चालू' हा शब्द नीट वाचा. लायसन्सची मुदत संपली की अपवाद संपला, आणि कपाटातली रायफल हा गुन्हा झाला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तुमचं प्रकरण जरा जरी वेगळं असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको. पेनसिल्व्हेनियात पहिलं लायसन्स काढायला शिकारीचं शिक्षण घ्यावंच लागतं. तो वर्ग ऑगस्टमध्येच करून टाका.

काडतूस आधी, रायफल नंतर

सगळे उलटं करतात. लाकडाचा दस्ता आणि पितळी चमक बघून रायफल घेतात, मग विचारतात, हिच्यात काय घालू?

सीमेपलीकडे ओहायोत राहणाऱ्या माझ्या एका मित्राने ३०-३० ची (हे काडतुसाच्या एका जातीचं नाव) जुनी सुंदर रायफल घेतली, तिला तेलपाणी केलं, पट्टा लावला, आणि मग त्याला कळलं की ओहायोत हरणाच्या बंदूक-मोसमात ती चालतच नाही. तिथे रायफलीला सरळ भिंतीची काडतुसंच चालतात. ३०-३० च्या काडतुसाला बाटलीसारखी मान असते. तीच रायफल घेऊन तो माझ्याकडे, म्हणजे गाडीने दीड तासावर, आला असता तर पूर्ण कायदेशीर होती. शेवटी त्याने ४५-७० काडतुसाची रायफल घेतली. ते काडतूस १८७३ सालचं आहे, भिंती सरळ, ओहायोत चालतं. पण हलक्या रायफलीतून त्याचा धक्का खांद्याला असा बसतो की नवखा माणूस दहा बारांत डोळे मिटायला लागतो. एकदा ती सवय जडली की सुटायला वर्षं जातात. ओहायोतच राहायचं असेल तर नवशिक्याने ४४ मॅग्नम किंवा ३५० लेजंडकडे आधी बघावं.

पेनसिल्व्हेनियात मात्र मी डोळे झाकून ३०-३० सांगतो. हे काडतूस १८९५ मध्ये विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलसाठी बाजारात आलं. ते मॉडेल जॉन ब्राउनिंग या बंदुका घडवणाऱ्याने आखलेलं, सत्तर लाखांहून जास्त बनलं. आमच्या हेमलॉकच्या दाट झाडीत ऐंशी यार्डांपलीकडचं हरीण मला क्वचितच दिसतं, आणि तेवढ्यासाठी १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी पुरून उरते. "तीनशे यार्डांवर जाईल का?" असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो की बाबा, तू बोल्ट ॲक्शन घे, म्हणजे बाजूचा खटका हाताने मागे ओढून भरायची रायफल. लिव्हर ॲक्शन जवळच्या, झटपट बारासाठीच आहे. तिच्याकडून दुसरं काम करून घ्यायला गेलात की जखमी हरणं पदरात पडतात.

टोकदार गोळी

नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या बुडाच्या कॅपला, टेकलेलं असतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर बाराच्या धक्क्याने तेच टोपीवर आपटून ट्यूबमध्येच स्फोट होऊ शकतो, आणि तुमचा डावा हात तिथेच धरलेला असतो. म्हणून चपट्या नाकाची गोळी, नाहीतर हॉर्नडी कंपनीची मऊ प्लास्टिक टोकाची. सॅव्हेज ९९ किंवा ब्राउनिंग बीएलआर या लिव्हर रायफली घेतलीत तर हा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्यात ट्यूब नाही. स्वस्तात मिळाली म्हणून कुठलीही पेटी उचलू नका.

मोठ्ठी दुर्बीण

घोडं पेंड खातं ते इथे. नव्वद टक्के फोन याच्याबद्दल.

लिव्हर ॲक्शन सपाट, अरुंद, हातात खेळणारी. तिच्यावर नऊ पटीची, पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण उंच रिंगांवर चढवली की तीन गोष्टी होतात. डोळा दुर्बिणीच्या रेषेत आणायला गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, म्हणजे टेकू गेला. चाळीस यार्डांवरचं हरीण दुर्बिणीत नुसतं तपकिरी केसांचा पडदा होऊन दिसतं, खांदा कुठे आणि पोट कुठे ते कळत नाही. आणि तिसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: दुर्बिणीचं मागचं टोक घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पडणाऱ्या मागच्या हातोडीच्या, वर येतं आणि हातमोज्यातला अंगठा घोड्यापर्यंत पोचतच नाही. लिव्हर चालवून पहिलं काडतूस आत घेतलं, घोडा अर्ध्यावर उतरवून ठेवला, की हरीण दिसल्यावर तो पुन्हा उठवायचा असतो. तेव्हा अंगठा घसरला तर काय होईल याचा विचार करा.

दुर्बीण हवीच असेल तर १ ते ४ पटीची, छोटी, जितकी खाली बसेल तितकी खाली, आणि घोड्याला बाजूला निघणारा जोड. तो फार तर वीस-तीस डॉलरचा असतो. लावून झाल्यावर मी एकच परीक्षा घेतो. हिवाळी कोट घालायचा, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, डोळे मिटून ती खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल चित्र दिसलं तर ठीक. मान हलवावी लागली तर दुर्बीण चुकीची आहे, मान नव्हे.

जुन्या विंचेस्टर ९४ वर तर दुर्बिणीचा हट्टच नको. ती काडतुसाची रिकामी नळकांडी (केस) वरच्या बाजूने, म्हणजे दुर्बीण असते तिथेच, फेकते. बाजूला फेकणारी सुधारणा १९८० च्या दशकात आली. मार्लिन कंपनीची ३३६ मात्र १९४८ पासून बाजूलाच फेकते, वरून बंद आहे.

माझ्या स्वतःच्या रायफलीवर दुर्बीण नाही, पीप साइट आहे. डोळ्याजवळ छिद्राची कडी आणि पुढे जाड मणी. छिद्राकडे बघायचं नाही, छिद्रातून बघायचं, डोळा आपोआप मधोमध जातो. चाळिशी ओलांडल्यावर कारखान्यातून येणाऱ्या बकहॉर्न, म्हणजे शिंगांसारख्या कडांच्या, मागच्या साइटची खाच मला धूसर दिसायला लागली होती आणि तिच्या शिंगांमागे अर्धं हरीण झाकलं जायचं. पीपने दोन्ही सुटलं. फक्त पीप बसवल्यावर बार वर जातात आणि मागची साइट तळाला टेकली तरी खाली येत नाहीत, असं होऊ शकतं. तेव्हा पुढची साइट उंच घ्यावी लागते. हिशोब सोपा आहे. शंभर यार्ड म्हणजे ३६०० इंच. दोन साइट्समधलं अंतर २५ इंच आणि बार ६ इंच वर जात असेल, तर ६ गुणिले २५ भागिले ३६००, म्हणजे साधारण ०.०४ इंच उंच. अंदाजाने कानस मारत बसू नका.

नेम लावताना शंभर यार्डांवर दोन-सव्वादोन इंच वर ठेवतो, म्हणजे दीडशे यार्डांपर्यंत वेगळा विचार करावा लागत नाही. बरोबर शंभरावर लावलीत तर दोनशेवर गोळी साधारण आठ इंच खाली जाते. बाकावर नळी टेकवायची नाही, लाकूड टेकवायचं. तीन बार काढले की नळी निवू द्या. ट्यूब आणि पट्ट्या नळीलाच जखडलेल्या असतात, गरम झालं की बारांचा गट निशाणावर सरकतो आणि लोक उगाच साइट फिरवत बसतात.

लिव्हरला गोंजारणं

हे मी अंगावर घेतलेलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा दुसरा मोसम. तेव्हा पेनसिल्व्हेनियाचा रायफल-मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो. सकाळी साडेआठला एका पडलेल्या हेमलॉकच्या बुंध्याशी बसलो होतो, पायाखाली जुना बर्फ. पंचेचाळीस यार्डांवर एक नर आला, थांबला. मी बार काढला. थोडा मागे लागला. पाठ कमानीसारखी करून ते उभंच राहिलं. पाठ अशी वाकली की गोळी पोटात गेली समजायचं, आणि त्याच क्षणी दुसरा बार द्यायचा. तेवढा वेळ मला मिळाला होता. पूर्ण तीन सेकंद.

मी लिव्हर हळूच चालवली. आवाज होऊ नये म्हणून, आणि नवी रायफल आहे म्हणून. दुकानात ती जशी हलवून बघितली होती तशी. लिव्हर शेवटपर्यंत गेलीच नाही. रिकामी केस अर्धवट मागे आली, बाहेर पडली नाही आणि मी लिव्हर मिटताच तीच पुन्हा आत गेली. घोडा मात्र उठला होता, त्यामुळे सगळं बरोबर वाटलं. चाप ओढला. टिक्. मी गोंधळून पुन्हा लिव्हर मारेपर्यंत ते माउंटन लॉरेलच्या झुडपांत शिरलं होतं.

अंधार पडेपर्यंत माग काढला. रक्त फार थोडं, मधे मधे हिरवट ओल. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, सातशे पावलांवर, ओढ्याच्या काठी. मागचा भाग कोयोटींनी रात्रीतच खाल्ला होता. मी त्याला टॅग बांधला आणि तिथेच बसून राहिलो. ते मांस कुणाच्याही ताटात गेलं नाही, आणि ती रात्र त्या हरणाने कशी काढली असेल हे मला अजूनही आठवतं.

लिव्हर ॲक्शन हळुवारपणे चालत नाही. ती पुढे ठणकन आदळेपर्यंत ढकलायची आणि तशीच मागे ओढायची, दस्ता खांद्यावरून न हलवता. बहुतेक 'रायफल अडकते' म्हणणाऱ्यांची रायफल चांगली असते, लिव्हर अर्धवट चालवलेली असते. मी सप्टेंबरपासून रोज रात्री नकली काडतुसं घालून वीस वेळा हेच करतो, कोट आणि हातमोजे घालून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद करून. बायको म्हणते, आवाजाने झोप मोडते. मोडू दे, तेवढं मी तिच्याकडून मागून घेतलंय. पूर्ण जोराने चालवूनही अडकत असेल, तर मात्र कारागिराकडे न्या. काडतूस वर उचलणारा कॅरियर झिजला असेल.

आडवी सेफ्टी

१९८० च्या दशकानंतरच्या मार्लिनना घोड्याजवळ आडवी दांडी असते. ती लावलेली असली तरी घोडा पडतो, नुसता 'टिक्' आवाज येतो, बार होत नाही. ती वापरायची की नाही हे एकदाच ठरवा आणि त्यात बदल करू नका. मी चालताना चेंबर (नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ती जागा) रिकामंच ठेवतो आणि जागेवर बसल्यावर काडतूस आत घेतो. त्यामुळे गोठलेल्या अंगठ्याने घोडा उतरवण्याची वेळच कमी येते. उतरवायचा झालाच तर नळी जमिनीकडे, नजर घोड्यावर, आणि घोडा हलायला लागला की चापावरचं बोट काढून घ्यायचं. दिवसाच्या शेवटी रायफल रिकामी करतानाही तेच: एकेक काडतूस लिव्हरने बाहेर, चापाजवळ बोट नाही, मग चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचं.

बाकीच्या भराभर सांगतो.

जुनी घेताना स्क्रूंची डोकी बघा. ती कुरतडलेली असतील तर आतही कुणीतरी घरगुती पेचकस चालवलेला असतो.

नळीवर जुन्या मार्लिन कारखान्याचा 'जेएम' शिक्का आहे म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. रुगर कंपनीने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतल्यानंतरच्या रायफली मी हाताळल्या आहेत, त्या उत्तम आहेत.

थंडीत घट्ट तेल गोठतं. मोसमाआधी पुसून जवळजवळ कोरडी करा. संध्याकाळी केबिनमध्ये आणल्यावर लगेच पिशवीतून काढू नका, आतून घाम सुटतो.

नारिंगी कपडे डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच. पेनसिल्व्हेनियाच्या रायफल-मोसमात हा नियम आहे, आणि मी त्याहून जास्तच घालतो.

सराव फक्त बाकावर करू नका. आठ इंची कागदी थाळी पन्नास यार्डांवर लावा, गुडघा टेकून, श्वास चढलेला असताना पाच बार काढा. पाचही थाळीत बसेपर्यंत माझ्याबरोबर जंगलात यायचं नाही, हे मी फोनवरच सांगतो. मागच्या वर्षी एका मुलाला यासाठी तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी तो आला, आणि मी त्याला माझ्या जुन्या हेमलॉकच्या बुंध्याशी बसवलं.