रँडम म्हणजे खरंच रँडम का, हे कसं ओळखायचं

आधी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडा, सीड (ज्या संख्येपासून आकडे काढायला सुरुवात होते ती) ४२ द्या आणि दहा रँडम आकडे काढा, मग पुन्हा तोच सीड देऊन बघा, डिट्टो तेच आकडे येतात, म्हणजे हे निव्वळ गणित आहे. नाणेफेकीतही जोर आणि फिरकी मोजता आली तर छापा की काटा सांगता येतो.

आता कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन घ्या. ५७३० वर्षांत साधारण निम्मे अणू बदलून नायट्रोजन होणार हे नक्की, पण नेमका कुठला आणि कधी, ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते! अणूच्या आत कारण लपलंय म्हणाल तर भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलचं १९६४ चं प्रमेय नीट वाचा, अशी छुपी कारणं आहेत का हे प्रयोगाने कसं तपासायचं ते त्यात आहे. प्रयोगांनी निदान स्थानिक (प्रकाशापेक्षा वेगाने दुसरीकडे परिणाम न करणारी) छुपी कारणं तरी बाद केलीत, त्यालाच २०२२ चं नोबेल मिळालं.