ठाण्यातून फोन आला तर: अठरा वर्षांखालच्या मुलाच्या आईवडिलांनी पहिल्या दिवसात काय करावं

रात्री साडेनऊला फोन वाजतो. "तुमचा पोऱ्या ठाण्यात बसवलाय, या लवकर." कुणाच्या केळीच्या मळ्यातली मोटारीची केबल गेलेली असते, शाळेबाहेर हाणामारी झालेली असते, नाहीतर मोटारसायकलने कुणाला तरी उडवलेलं असतं. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, घरात पहिली धावपळ सुरू होते ती ओळखीच्या माणसाला फोन लावायची: सरपंच, पाहुण्यातला हवालदार, एखादा पुढारी. ते नंतर करा. आधी कपाट उघडा आणि मुलाचा शाळेचा दाखला काढा. मूल अठराच्या आत आहे हे कागदावर दिसलं की त्याच्यासाठी ठाणं वेगळं चालतं, न्यायालय वेगळं आणि शिक्षाही वेगळी. हे सगळं २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात आहे. या कायद्यात अशा मुलाला आरोपी म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात.

वयाचा कागद

वय मोजायचं ते घटना घडली त्या दिवशीचं. पकडलं त्या दिवशी मूल अठरा पूर्ण झालं असलं तरी घटनेच्या दिवशी सतरा वर्षं अकरा महिन्यांचं असेल, तर ते बालकच.

कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि ती फक्त अंदाज सांगते. आधार कार्ड या क्रमात कुठेच नाही, तरी बहुतेक पालक नेमकं तेच एकटं घेऊन येतात. आधार ओळखीसाठी न्या, वयासाठी दाखला न्या.

सातपुड्याच्या पट्ट्यात अडचण वेगळी असते. बाळंतपण घरी झालेलं, जन्माची नोंद नाही, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून तारीख टाकलेली. आईला आठवतं की मूल दिवाळीच्या आसपास झालं. तरी शाळेची तारीख हीच पहिला पुरावा. तिच्यात खाडाखोड करून नवा दाखला काढण्याच्या फंदात पडू नका. एका मुलाची बाब सांभाळता सांभाळता बापावर बनावट कागदाचा गुन्हा दाखल होतो. ऊसतोडीला गुजरातमध्ये जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलांची शाळा मध्येच तुटलेली असते. अशा वेळी ज्या शाळेत पहिलीला नाव घातलं होतं, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून सही-शिक्क्यानिशी घ्या.

आणखी एक चूक फार महागात पडते. ठाण्यात "वय किती?" विचारलं की वडील अंदाजाने "असेल अठरा-एकोणीस" सांगून टाकतात. कामावर घ्यावं म्हणून मुलाने ठेकेदाराला एकोणीस सांगितलेलं असतं, तेच तो पोलिसांनाही सांगतो. मग कागदावर एकोणीस पडतं आणि मूल मोठ्या माणसांच्या न्यायालयात उभं राहतं. तसं झालंच तर दाखला लगेच न्यायालयात द्या आणि वय तपासण्याचा अर्ज करा. हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो, निकाल लागल्यानंतरसुद्धा. पण तोवर मुलाने तुरुंगात काढलेले दिवस परत मिळत नाहीत.

ठाण्यात गेल्यावर

दारातच शांतपणे विचारा: "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा असा एक अधिकारी नेमलेला असतो, आणि मूल त्याच्याच ताब्यात असायला हवं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याच्याकडून जबाबावर सही घ्यायची नाही असं नियमच सांगतो. सही आधीच झाली असेल तर भांडत बसू नका, वकिलाला सांगा.

किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा (याला घोर गुन्हा म्हणतात) किंवा मोठ्या माणसांच्या साथीने केलेलं कृत्य सोडलं, तर नियमाप्रमाणे मुलाविरुद्ध एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरला जातो आणि दोन्ही कागद बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालतात त्या वेगळ्या न्यायालयाकडे, जातात. केबलची साधी चोरी घ्या. तिला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा. अशा बाबतीत मुलाला रात्रभर अडकवून ठेवायची गरज नसते. हमीपत्र देऊन त्याला घरी न्यायची आणि मंडळाची तारीख लेखी देण्याची विनंती करा.

तो पार्श्वभूमीचा अहवाल मात्र नीट भरून द्या. त्यात घरची कमाई, शाळा, व्यसन, संगत सगळं विचारतात. आई घाबरलेली असते, बापाला शरम वाटत असते, आणि तोंडून निघून जातं: "आमचं ऐकतच नाही तो, हाताबाहेर गेलाय." लिहिणारा तेच लिहितो. पुढे जामिनाच्या वेळी हेच वाक्य आडवं येतं, कारण घरी कुणाचा धाक नसेल तर मुलाला सोडायचं कुणाच्या भरवशावर, हा मंडळापुढचा खरा प्रश्न असतो. खोटं सांगू नका, पण पूर्ण सांगा. तो नववीत आहे, सुट्टीत काकांच्या दुकानात बसतो, मामा रोज विचारपूस करतात, हेही खरंच आहे ना? तेही लिहायला सांगा.

कोऱ्या कागदावर सही करू नका. समोरच्याला पैसे देऊन "आपसात मिटवलं" तरी नोंद झालेली बाब मंडळापुढे जातेच. समझोता असेल तर तो लेखी करून मंडळासमोरच ठेवा. मुलाला मारलं असेल तर अंगावरचे वळ मंडळाला पहिल्याच दिवशी दाखवा आणि वैद्यकीय तपासणी मागा. आठवड्याने दाखवायला काही उरत नाही.

मूल फक्त साक्षीदार असेल आणि ते पंधरा वर्षांखालचं असेल, तर जबाबासाठी त्याला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. मुलगी असेल तर वय कितीही असो, हाच नियम.

बाल न्याय मंडळ

ताब्यात घेतलेल्या मुलाला चोवीस तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत, त्यामुळे धडगाव-मोलगीकडून घाट उतरून नंदुरबारला यायला लागणारे तास वेगळे. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल तर एकट्या सदस्यासमोरही हजर करता येतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला.

वकिलासाठी जमीन गहाण ठेवू नका. मुलाला मोफत वकील मिळतो, घरची कमाई कितीही असली तरी. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुक्याला विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा. मूल पावरी किंवा भिली बोलत असेल आणि कामकाजाची मराठी त्याला कळत नसेल तर दुभाषा मागा. तो देणं मंडळाचं काम आहे. न कळता मान हलवलेल्या मुलाचं "हो" कागदावर कबुलीसारखं दिसतं.

जामीन इथे नियम आहे, नकार अपवाद. गुन्हा अजामीनपात्र असला तरी नकाराची कारणं तीनच: सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. म्हणून अर्जासोबत या तिन्हींचं उत्तर द्या. गल्लीतल्या टोळक्यामुळे बिघडला असेल तर काही महिने अमळनेरला मामाकडे ठेवणार, मामा स्वतः हजर आहेत, शाळेचं बोनाफाईड हे घ्या. एवढ्या ठोस गोष्टी "गरीब आहोत साहेब" यापेक्षा शंभरपट उपयोगी पडतात. जामिनाची अट सात दिवसांत पाळता आली नाही तर अट बदलून घेण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणावं लागतं. निरीक्षण गृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) पडून राहायचं कारण नाही.

नंतर परिवीक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची माहिती घेऊन मंडळाला अहवाल देणारे अधिकारी, घरी येतात. त्यांना टाळू नका, त्यांच्या अहवालावर पुढचं बरंच ठरतं. चौकशी चार महिन्यांत संपायची असते, फार तर दोन महिने वाढतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यातही संपली नाही तर ती बंदच होते. शेवटी समज, समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीची हमी, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह (आदेशानंतर मुलांना ठेवायचं सुधारगृह). आदेश मान्य नसेल तर अपिलाला तीस दिवस असतात.

सोळा ते अठरामधलं अवघड प्रकरण

सतरा वर्षांचा मुलगा, सोळाची मुलगी, दोघं सुरतला निघून गेले. मुलीच्या घरच्यांची तक्रार अपहरणाची होते आणि संबंध आला असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो. "तिची मर्जी होती" याला कायद्यात अठराखाली किंमत नाही. अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षं शिक्षा असल्यामुळे तो घोर गुन्ह्यात मोडतो. सोळा पूर्ण झालेल्या मुलाची मग प्राथमिक पडताळणी होते: त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद, घटनेची परिस्थिती. त्यावरून प्रकरण मंडळातच चालेल की मोठ्या माणसासारखं बाल न्यायालयात, हे ठरतं. या टप्प्याला वकील असलाच पाहिजे. मुलांचे मेसेज, फोटो घाबरून पुसू नका, ते मुलाच्याच बाजूने बोलू शकतात. आणि घाईघाईने दोघांचं लग्न लावणं हा तोडगा नाही. मुलगी अठराखाली, मुलगा एकवीसखाली, म्हणजे लग्न लावणाऱ्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांवर बालविवाहाचा वेगळा गुन्हा.

गाडीची चावी

इथे मात्र शिक्षा सरळ पालकाला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ: अठराखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पालकाला माहीत होतं असंच कायदा गृहीत धरतो. "आम्हाला न सांगता नेली" हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि चावी रोज दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल तर ते अवघड जातं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या अंगणातली शंभर सीसीची त्यात बसत नाही. अपघात झालाच तर "गाडी मीच चालवत होतो" असं बापाने सांगू नये. कॅमेरा आणि साक्षीदार ते उघडं पाडतात, आणि मूळ प्रकरणावर खोटेपणाची भर पडते.

फोटो आणि भरती

गावाच्या ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, शाळा फिरू लागली तर स्क्रीनशॉट वेळेसह जपून ठेवा आणि मंडळाला दाखवा. कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या घरच्यांनीही "माझा भाऊ निर्दोष आहे" म्हणत त्याचा फोटो स्टेटसला ठेवू नये.

पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना सगळ्यात मोठी भीती ही की आता चारित्र्य दाखला मिळणार नाही. बाल न्याय कायद्याखाली निकाल लागलेल्या प्रकरणामुळे मूल पुढे अपात्र ठरत नाही, आणि बंद झालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नसते. अपवाद एकच, सोळाच्या वरचं मूल घोर गुन्ह्यात बाल न्यायालयात दोषी ठरलं तर. म्हणून प्रकरण संपल्याच्या दिवशीच अंतिम आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती मागा. एक दाखल्याच्या पिशवीत ठेवा, दुसरी वकिलांकडे.