हात सगळ्यात शेवटी: लहान सॉफ्टबॉल खेळाडूचं पिचिंग आणि बॅटिंग

पालक मुलीला घेऊन येतात तेव्हा बहुतेकांचं गाऱ्हाणं हाताबद्दल असतं. पिचिंग करताना, म्हणजे बॅटरकडे खालून बॉल फेकताना, हात नीट फिरत नाही, बॅटिंगला हात उशिरा येतो. मी आधी तिचे पाय बघते, मग कंबर, आणि हात सगळ्यात शेवटी. ताकद जमिनीतून पायात, पायातून कमरेत आणि तिथून हातात येते. हातात दिसणारी चूक बहुतेक वेळा खाली कुठेतरी सुरू झालेली असते. म्हणून वरवर हात सुधारत बसलात, तर महिनाभर घाम गाळूनही बॉल तिथेच पडत राहील.

सुरुवात सामानापासून करा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ११ इंच घेराचा बॉल द्यावा, १२ इंची नंतर. मोठा बॉल लहान हातात तळव्यापर्यंत रुततो आणि मग बोटांना कामच उरत नाही. बॉल बोटांवर धरलेला असावा, तळवा आणि बॉल यांच्यात थोडी फट दिसावी. हात लहान असेल तर तीन-चार बोटं बॉलवर ठेवली तरी चालतील.

आता पिचिंग. मी ते उलट्या क्रमाने शिकवते, म्हणजे शेवट आधी. पूर्ण विंडमिल, म्हणजे खांद्याभोवती हाताचा अख्खा फेरा, फिरवायला लावली की मुलं हात गरगर फिरवतात आणि बॉल सुटण्याच्या क्षणी काय करायचं ते त्यांना समजतच नाही. म्हणून नेटपासून तीन-चार पावलांवर मुलीला उभी करा, शरीर आडवं, ग्लोव्ह घातलेल्या हाताचा खांदा नेटकडे. बॉलचा हात मागे खांद्याच्या उंचीवर न्यायचा आणि तिथून खाली सोडायचा. खाली येताना कोपराखालचा हात खुब्याला हलकासा घासून गेला पाहिजे. तो स्पर्श झाला की हात आपोआप थबकतो आणि मनगट पुढे जातं. बॉल तिथेच सुटतो. ‘हात घासला का?’ एवढंच विचारा. हात ताठ असेल तर हे जमणार नाही. ओला टॉवेल झटकताना हात जितका सैल असतो, तितका सैल हवा.

बॉल सुटल्यावर कोपर मुद्दाम खांद्यापर्यंत वर उचलायला अजूनही बरेच जण शिकवतात. ते सोडून द्या. बॉल हातातून गेल्यावर कोपर वर नेऊन वेग वाढत नाही, उलट त्या नादात मुलगी हात आधीच ताठ करते. हात जाईल तिथे जाऊ दे, शरीरासमोरून सैल वळला तरी उत्तम.

बॉलभोवती रंगीत चिकटपट्टीचा एक फेरा चिकटवा. बॉल नीट सुटला तर हवेत ती पट्टी स्थिर, एका रेषेत दिसते. डगमगली तर बोटं बॉलच्या बाजूने घसरताहेत. मुलांना हे स्वतःला दिसतं, त्यामुळे आपल्याला फार बोलावं लागत नाही.

हे बसलं की हात डोक्यावरून सुरू करायचा, मग पाय न हलवता पूर्ण फेरा, आणि सगळ्यात शेवटी पाऊल. पावलासाठी खडूने एक रेघ ओढा, पिचिंग प्लेटच्या (पिचर जिथून फेकते ती पट्टी) मध्यापासून होम प्लेटच्या (बॅटरजवळची पट्टी) मध्यापर्यंत. पुढचं पाऊल या रेघेवर किंवा अगदी जवळ पडलं पाहिजे. उजव्या हाताच्या पिचरचं डावं पाऊल रेघेच्या उजवीकडे पडलं, तर तिचाच खुबा हाताच्या वाटेत येतो आणि हात त्याला वळसा घालून जातो. लोक याला ‘हात वाकडा येतो’ म्हणतात. पाऊल सरळ टाकायला लावा, हात सरळ होईल. पुढच्या पावलाची बोटं साधारण ४५ अंशांत वळलेली असावीत, उजव्या पिचरची तिसऱ्या बेसकडे, म्हणजे तिच्या उजव्या बाजूला. थेट कॅचरकडे, म्हणजे होम प्लेटमागे बॉल झेलणाऱ्या खेळाडूकडे, वळली तर कंबर फार लवकर समोर येते.

पुढचा पाय टेकला की तो घट्ट राहिला पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला पण कोसळणारा नाही. त्या पायावर शरीर अडतं म्हणून हाताला वेग मिळतो. मुली नेम धरायच्या प्रयत्नात इथेच कमरेतून पुढे वाकतात. मला सगळ्यात जास्त वेळ याच चुकीवर घालवावा लागतो. उपाय म्हणजे काही दिवस नेम विसरायचा. मोठं नेट लावा, स्ट्राइक (नेमक्या जागी पडलेले पिच) मोजू नका, फक्त डोकं पुढच्या गुडघ्याच्या पुढे जात नाही ना, तेवढं बघा.

मागचा पाय ढकलल्यावर जमिनीवरून ओढत आला पाहिजे. मातीत अंगठ्याची सलग रेघ उमटते, पिच झाल्यावर ती मुलीलाच बघायला सांगा. रेघ मध्येच तुटून पाऊल पुन्हा रोवलेलं दिसलं आणि तिथून तिने दुसऱ्यांदा जोर घेतला असेल, तर तो क्रो हॉप आहे आणि नियमाने तो पिच बेकायदा ठरतो. ही सवय लहानपणीच मोडलेली बरी.

चूक ओळखायची एक सोपी खूण: बॉल फार वर जात असेल तर तो उशिरा सुटतोय, जमिनीत जात असेल तर लवकर. पण याचंही मूळ बहुधा पायात असतं. बाजूने मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढा. पुढचा पाय टेकतो तेव्हा हात डोक्यावरून मागे खाली यायला नुकताच लागलेला असावा. हात मांडीजवळ पोचला आणि पाय अजून हवेतच आहे असं दिसलं, तर ती केवळ हाताच्या बळावर फेकते आहे.

इथे मी जरा कडक होते. खालून फेकताना खांद्याला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. विंडमिलमध्ये खांद्याच्या पुढच्या भागावर आणि तिथल्या स्नायूंवर मोठा ताण येतो. जपानची पिचर युकिको उएनोने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ पिच टाकले आणि संघाला सुवर्ण मिळवून दिलं, हे उदाहरण पालक मला देतात. ती तयार झालेली, प्रौढ खेळाडू होती. वाढत्या वयाच्या मुलीला ते माप लावू नका. सरावातले पिचही मोजा, फक्त मॅचमधले नाही. खांदा पुढून दुखतो म्हणाली तर त्या दिवशी पिचिंग बंद, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे.

बॅटिंगलाही क्रम तोच. आधी बॅट तपासा. एका हाताने ती आडवी, सरळ धरायला सांगा. लगेच थरथरू लागली तर बॅट जड आहे. ‘मोठी होईल तेव्हा चालेल’ म्हणून जड बॅट घेतली की तोवर चुकीचा स्विंग पक्का झालेला असतो. पकड बोटांत, तळव्यात नाही.

पुढचं पाऊल लहान आणि हलकं टाकायचं. पाय गेला तरी वजन मागेच राहिलं पाहिजे. मग मागची टाच उचलत कंबर वळते आणि हात तिच्यामागून येतात. हात आधी निघाले की ते शरीरापासून लांब जातात आणि स्विंग लांबलचक होतो. हे तपासायला मुलीला नेटकडे तोंड करून उभी करा, पोट आणि नेट यांच्यात एका बॅटचं अंतर. स्विंग केल्यावर बॅट नेटला लागली, तर हात लांब जाताहेत. हळू स्विंग करून, कंबर आधी वळवत, नेटला न लागता बॅट काढता आली पाहिजे.

टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या स्टँडवर) सराव करताना बहुतेक जण टी चुकीच्या जागी ठेवतात, पोटासमोर. मधला बॉल पुढच्या पावलाच्या रेषेत किंवा थोडा पुढे मारायचा असतो, अंगाजवळचा त्याहून पुढे, बाहेरचा जरा मागे. दर थोड्या बॉलनंतर टीची जागा आणि उंची बदला. बॉल समोरच्या नेटच्या मधोमध सरळ गेला पाहिजे. सारखा वर उडत असेल तर मागचा खांदा खाली पडतोय.

‘वरून खाली मार’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पिचर बॉल खुब्याजवळून सोडते, त्यामुळे तो बऱ्यापैकी सपाट येतो. बॅट त्याच्या वाटेत जितकी जास्त वेळ राहील तितकं चांगलं, आणि खाली मारलेली बॅट ती वाट एकाच जागी छेदून जाते.

राहिला वेळेचा प्रश्न. मोठ्या मुलींमध्ये पिचिंग प्लेट ४३ फुटांवर असते. ताशी ९० किलोमीटरने आलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आतच पोचतो. तेवढ्यात तयारी आणि निर्णय दोन्ही होत नाहीत. म्हणून पिचरचा हात वर जाताना बॅटरने वजन मागे घेतलेलं असावं आणि नजर पिचरच्या खुब्याजवळ, जिथून बॉल सुटणार तिथे. हे शिकवायला संरक्षक जाळीमागे बसून चार-पाच मीटरवरून खालून हलके बॉल टाका. सगळेच मारायला लावू नका. काही बॉल सोडायचे आणि सोडताना ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असं मोठ्याने म्हणायचं.

एका सरावात एकच सूचना द्या. पाऊल म्हटलं तर दिवसभर पाऊलच, बाकीच्या चुका दिसल्या तरी गप्प राहा. मॅचमध्ये तर मागून काहीच ओरडू नका, कारण बॉल येत असताना तिला कोपर, टाच आणि तुमचा आवाज एकदम सांभाळता येत नाही. व्हिडिओ काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो तिला दाखवा, आधी तिला काय दिसतंय ते विचारा आणि ती जे सांगेल तिथून त्या दिवशीचा सराव सुरू करा.