लेझर शॉकचा एक्स-रे डेटा वाचताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत एम.एस्सी. फिजिक्स करणाऱ्या मुलांची एक्सआरडीशी, म्हणजे एक्स-रेने स्फटिकाची रचना शोधण्याच्या पद्धतीशी, ओळख होते ती पावडरच्या आलेखातून. सॅम्पल निवांत पडलेलं असतं, मोजायला हवा तेवढा वेळ असतो. लेझर शॉकमध्ये, म्हणजे तीव्र लेझरने सॅम्पलमध्ये दाबाची लाट सोडतात त्या प्रयोगात, सगळा खेळ काही नॅनोसेकंदांचा. पुढे संशोधनाला गेलेली मुलं तिथला डेटाही पावडरच्याच सवयीने वाचतात, आणि फसतात.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती तरंगलांबीची चूक. लॅबमधल्या तांब्याच्या ट्यूबचे एक्स-रे 8.05 केईव्ही ऊर्जेचे, तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम. हा आकडा बोटांवर बसलेला असतो. पण तांब्याची फॉइल लेझरने तापवून एक्स-रे काढले, की तिथल्या अणूंवर मोजकेच इलेक्ट्रॉन उरतात आणि मुख्य रेषा सुमारे 8.4 केईव्हीला, म्हणजे 1.48 अँगस्ट्रॉमला सरकते. धातू तोच, म्हणून जुनाच आकडा टाकलात तर प्रतलांमधलं (स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधलं) अंतर 4 टक्क्यांनी जास्त येतं. सॅम्पल खरंच 4 टक्के दबलं असेल, तर ते दबलंच नाही असं उत्तर निघेल! घनतेत हीच चूक जवळजवळ तिप्पट होते. म्हणून शॉक न पोचलेल्या भागाच्या किंवा पिनहोलच्या (एक्स-रे ज्यातून जातात त्या बारीक छिद्राच्या) धातूच्या ओळखीच्या विवर्तन रेषा त्याच इमेज प्लेटवर (एक्स-रे टिपणाऱ्या पाटीवर) आधी शोधा आणि त्यांवरून कोन पक्के करा.

एका रेषेवरून घनता काढायची घाईही नको. शॉक एकाच दिशेने दाबतो. स्फटिक अजून लवचिक अवस्थेत असेल तर आडव्या दिशेतलं अंतर बदलत नाही. निदान दोन वेगळ्या दिशांची प्रतलं तपासा.

लोखंडात नवी रेषा दिसली तर ती दबलेल्या जुन्या रचनेचीच असेल असं धरू नका; 13 गिगापास्कल दाबाच्या आसपास त्याची रचनाच बदलते. आणि रेषा गायब झाली म्हणजे धातू वितळला, असंही नाही. लाटलेल्या फॉइलमध्ये कण एकाच दिशेला वळलेले असतात, ते जरा फिरले तरी ठिपका जातो. वितळल्याचा पुरावा म्हणजे द्रवाचं पसरट कडं.

वेळेचा हिशोब मात्र सगळ्यांत आधी करा. 20 मायक्रॉनची फॉइल, शॉकचा वेग सेकंदाला 5 किलोमीटर: लाट 4 नॅनोसेकंदांत मागच्या पृष्ठभागावर. तो मोकळा असेल तर तिथून दाब सुटायला लागतो. एक्स-रे त्यानंतर आले असतील, तर तुम्ही मोजताय ते सैल पडत चाललेलं सॅम्पल. व्हायझारची (पृष्ठभागाचा वेग लेझरने मोजणाऱ्या उपकरणाची) नोंद आणि एक्स-रेची वेळ एकाच अक्षावर मांडल्याशिवाय कोनावरून प्रतलांमधलं अंतर देणाऱ्या ब्रॅगच्या समीकरणाला हात लावू नका.