मास्तरांच्या संपावर कट्ट्यावर वाद घालायचा तर

रंकाळ्यावर कुणी म्हणालं "मास्तरांस्नी पगार काय कमी हाय व्हय" तर लगेच तापू नका भावा, आधी विचारा कुठला मास्तर? अनुदानित, विनाअनुदानित का शिक्षणसेवक (म्हंजे नवा लागलेला, मानधनावरचा मास्तर), सगळा घोळ हितंच होतोय. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला आधी महिना ६००० मानधन होतं, २०२३ पासून १६००० झालं, तेबी नोकरीची पहिली तीन वर्षं, आता घरभाडं काढून काय उरतंय सांगा. मग पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सरसकट जुनी पेन्शन (म्हंजे शेवटच्या पगाराच्या निम्मी, सरकारनं द्यायची) नाही, मार्च २०२३ चा संप त्यावरच होता. पोरांची शाळा बुडते हे पालकांचं म्हणणंबी खरंय, ते ऐकून घ्या, नुसत्या घोषणा देऊन कोण पटत नाही. आणि निवडणुकीची कामं कुणाच्या गळ्यात पडतात ते शेवटी विचारा, तोवर समोरच्याचा चहा थंड झालेला असतोय.