एडीएचडी असलेल्या प्रौढांचं कोचिंग : या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण आधी सर्टिफिकेटचं विचारतात. लाइफ कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही, त्यामुळे एखादं वेबिनार करून पाटी लावणारेही भेटतील. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो; पुढच्या पीसीसीला १२५ आणि ५००. ते जरूर करा. एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या अवस्थेचा, अभ्यास मात्र त्याशिवाय वेगळा करावा लागतो.

डीएसएम-५ नुसार, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीनुसार, १७ वर्षं आणि त्यापुढच्यांत लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता-आवेग यांपैकी एका गटातली किमान ५ लक्षणं पुरतात (मुलांत ६), आणि काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. हे आपल्याला निदान करण्यासाठी नको आहे. निदान आणि औषधं डॉक्टरांकडेच. क्लायंटने ‘डोस कमी करू का?’ विचारलं तर त्यावर मत द्यायचं नाही. नैराश्य, चिंता यांची दाट शंका आली तरी तज्ज्ञांकडेच पाठवायचं.

आता खरं काम. नवे कोच इथे युक्त्यांचं गाठोडं घेऊन येतात : प्लॅनर, अलार्म, अ‍ॅप. समोरच्याने ते सगळं कधीच वापरून सोडलेलं असतं. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ सांगतात तसं, काय करायचं हे माहीत नसणं ही अडचण नसते. माहीत असलेलं ऐन वेळी हातून घडत नाही, ही असते.

क्लायंट म्हणतो, “या आठवड्यात रिपोर्ट संपवतो.”
“कधी बसणार?”
“मंगळवारी सकाळी.”
“लॅपटॉप उघडल्यावर आधी काय दिसेल?”
जरा वेळ शांतता. “मेल. मग मी मेलच बघत बसेन.”

सेशन खरं तर इथून सुरू होतं. मग ठरतं : सोमवारी रात्री मेल बंद करून रिपोर्टची फाइल उघडी ठेवायची, आणि मंगळवारी दहाला आमचा व्हिडिओ कॉल, दोघंही आपापलं काम करणार, गप्पा नाहीत. याला बॉडी डबलिंग म्हणतात. दिसायला अगदीच साधं, पण कुणी सोबत आहे एवढ्यानेच पुष्कळांचं काम सुरू होतं.

पुढच्या आठवड्यात काम झालेलं नसेल तर ‘का नाही केलं?’ विचारू नका. ‘आळशी’, ‘बेफिकीर’ हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. तो प्रश्न ऐकला की माणूस मिटतो आणि पुढचं सेशनच टाळतो. ‘कुठे अडलं?’ असं विचारलं की बोलतो. सेशन विसरणंही होणारच, म्हणून आदल्या दिवशी आणि तासभर आधी आठवण पाठवा. फीचा आणि रद्द करण्याचा नियम मात्र आधीच लिहून द्या, नाहीतर पुढे दोघंही अवघडतात.

तीन-चार आठवडे छान चाललेली पद्धत अचानक बंद पडली तर घाबरू नका. नवेपणा सरला की पकड सुटते. पद्धत बदलायची, क्लायंटला दोष द्यायचा नाही.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. पुढचं पाऊल क्लायंटला स्वतःच्या शब्दांत, तो रोज जिथे बघतो तिथे, तुमच्यासमोरच लिहू द्या. तुम्ही नंतर पाठवलेला नीटनेटका सारांश बहुधा उघडलाही जात नाही.